वासूकडचा पाव्हणा

आमच्या कुंभारवाड्यात गाडीतनं माणूस उतरला की त्याला एकच विचारतात, कुणाकडचं पाव्हणं? इतं कुणी उगाच उतरत न्हाई. तर नव्वद सालात, भातं कापून झाल्यावर, संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीतनं एक इस्त्रीच्या कापडातला गडी उतरला आन सरळ माझ्या दुकानात शिरला. मी विचारलं. त्यानं मागं बघितलं. कंडक्टर टपावरनं पोतं खाली देत वरडत हुता, "वासूचं हाय, वासूचं!" तर ह्यो मेला म्हणतो, "वासूकडं आलोय."

वासू म्हंजे माझा धाकटा दीर, आन बाळी त्याची लग्नाची पोर. अनोळखी तरणा गडी धुतल्या कापडात अशा घरी कशाला येतो, हे आमच्यात कुणी विचारत बसत न्हाई. मी तर हरखलेच. त्यानं चहापूड मागितली, साखर मागितली, बिस्किटं मागितली. पैसं द्यायला लागला तर मीच त्याचा हात ढकलला. पाव्हण्याकडनं पैसं घ्यायची आमच्या गावात रीत न्हाई, ते त्या घराच्या नावावर मांडायचं. त्यानं पाकीट गपकन खिशात घातलं. नको म्हणून एकदा तरी म्हणायचं की रे!

मी सोता त्याला वासूच्या दारात नेऊन सोडलं. वासूनं कोंबडं कापलं. बाळी माझं नवं लुगडं नेसून चहा घिऊन आली, आन ह्या बाबानं तिला रीतसर विचारलं, नाव काय, किती शिकलीस. जाऊबाई दारामागं देवाला हात जोडत हुती. गेल्या दिवाळीला असंच एक स्थळ बघून, जेवून, काय न बोलता गेलं, तर पार नंदिगड्ड्यापर्यंत बोभाटा झाला, पोरीत कायतरी खोट हाय म्हणून. आणखी एक असाच उठून गेला असता, तर बाळीकडं कुणी ढुंकून बघितलं नसतं.

सकाळी गाडी सुटायच्या आधी ह्यो दुकानात आला. गोड आवाजात म्हणाला, "अक्का, एक पावती द्या ना. खोलीभाडं आणि दोन वेळचं जेवण, एवढंच लिहा. शिक्का मारा."

"कसलं खोलीभाडं?"

तवा सांगितलं त्यानं. नाव दत्तात्रय, बेळगावचा, चहाच्या कंपनीचा माणूस. खोटं गिऱ्हाईक बनून दुकानांत शिरायचं, दुकानदार कंपनीचीच पूड देतो का, छापील किमतीला देतो का बघायचं, आन आफिसात कळवायचं. फिरतीचा खर्च पावती दाखवली की मिळतो. "तुमच्याबद्दल चांगलंच लिहीन," म्हणाला. जसा काय उपकारच करत हुता.

माझं डोस्कं फिरलं. "भाड्या, पोरगी बघून आलास आन भाडं मागतोस?"

"मी कुठं म्हणालो मुलगी बघायला आलोय? तुम्हीच तसं समजलात."

"आन शिक्षण कशाला विचारलंस? चहाच्या कंपनीला सांगायला? चल गाडीकडं. सगळ्यांम्होरं सांग तू कोण हायस ते."

तसा त्याचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाला, "अक्का, नको. गाडीत पुढच्या गावचे दुकानदार आहेत. माझं तोंड एकदा ओळखलं की कंपनी मला ठेवणार नाही. तुमच्या पाया पडतो."

मागं बघते तर बाळी. ह्याला वाटेत खायला तांदळाच्या भाकऱ्या बांधून आणल्या हुत्या पोरीनं. सगळं ऐकलं हुतं. मला वाटलं, रडंल. पन ती म्हणाली, "काकू, पावती देऊ नको," आन गाडीकडं चालायला लागली. ह्यो लगबगीनं तिच्या मागनं. मी पन निघाले.

गाडी भरली हुती. बाळीनं ड्रायव्हरला हात केला, "नागूअण्णा, जरा थांबा." मग दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्ये काल मला बघायला आलं हुतं. आमच्यात जेवलं, राहिलं. मला ह्ये पसंत न्हाईत."

गाडीतली सगळी माना वळवून दाराकडं बघायला लागली. नकार द्यायचा तो मुलाकडच्यांनी, पोरीनं तोंडातनं ब्र काढायची आमच्यात पद्धत न्हाई.

खिडकीतली एक म्हातारी म्हणाली, "का गं बाये? दिसायला तर बरा हाय की."

"फुकट्या हाय," बाळी म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी गाडीच हसली. त्यानं तोंड उघडलं. मी बाळीच्या शेजारीच उभी हुते. बोल की, म्हटलं, सांग की कशाला आला हुतास. त्यानं माझ्याकडं बघितलं, पाठीमागच्या बाकावर बसलेल्या दुकानदारांकडं बघितलं, आन मान खाली घालून आत जाऊन बसला.

दुपारपर्यंत नंदिगड्ड्यात सगळ्यांना कळलं हुतं, वासूच्या पोरीनं बेळगावचा नवरा नाकारला.