भाचीचं स्थळ मी कसं पळवलं

एक्केचाळीस वर्षं मी अरुणाचलच्या डोंगरात मिशनरी होतो. मिशनरी म्हटलं की लोकांना पांढरा झगा आणि गळ्यातला क्रॉस आठवतो. आमचं मंडळ नागपूरचं, त्यामुळे माझ्या अंगात लेंगा-बंडी आणि गळ्यात मफलर. बाकी धंदा तोच. लग्न करायचं नाही, घर करायचं नाही, दुसऱ्यांची मुलं शिकवायची आणि दुसऱ्यांच्या चुलीवर जेवायचं. सत्तरी उलटली तेव्हा मंडळानं शाल-नारळ देऊन मला मोकळं केलं. मी डोंगरातून गेलो तर तिकडचं काम कोसळेल अशी माझी समजूत होती. नंतर कळलं, मी गेल्यावर मी सांभाळत होतो त्या मुलांच्या वसतिगृहाचा निकाल सुधारला.

आता राहायचं कुठे? मंडळाचा वृद्ध कार्यकर्त्यांसाठी विश्रांतिनिवास आहे, नागपुरात वर्धा रोडला. मी तो बघून आलो. तिथे अकरा म्हातारे आहेत आणि अकराही एकाच वेळी बोलत असतात. प्रत्येकाकडे आपापला डोंगर, आपापली नदी, आपापला वाघ. ऐकायला कोणी नाही. माझ्यासारख्या थापाड्याला यमानं याहून वेगळी शिक्षा दिली नसती. त्यांनी माझ्यासाठी बारावी खाट झाडून ठेवली होती. ती पाहिली आणि मी सरळ हुडकेश्वरला, यमुताईच्या घरी आलो.

यमुताई माझी बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी, पण जन्मल्यापासून ताईच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरात ती आणि तिची मुलगी अदिती, दोघीच. अदिती गणिताचे क्लास घेते आणि मला लहानपणापासून फक्त पत्रांतून ओळखते, त्यामुळे तिचं माझ्याबद्दल फार चांगलं मत होतं. यमुताईनं मला मागची खोली दिली, पण करार स्पष्ट केला. संक्रांतीपर्यंत राहायचं. नीट वागलो तर पुढचं पाहू, नाहीतर वर्धा रोड.

नीट वागणं मला जमेना. पहाटे चारला उठून मी ताटावर चमचा वाजवला. वसतिगृहात ती उठायची खूण होती. हुडकेश्वरात आख्खी गल्ली उठली, एकानं तर गॅसवाला आला समजून सिलिंडर बाहेर काढून ठेवला. जेवायला बसलं की मी मोठ्यानं भोजनमंत्र म्हणत असे आणि तो संपेपर्यंत यमुताईची भाजी निवे. सकाळी न कळवता लोकांच्या घरी जाऊन बसायची माझी सवय तर फारच नडली. डोंगरात कोणी आलं की चुलीजवळ जागा करतात. इथे लोक दाराच्या फटीतून विचारत, काका, काय विकून राहिले?

पण माझी सगळ्यात वाईट खोड वेगळीच. आमच्या मंडळाची एक रीत आहे. कोणाकडे पैसा मागायचा नाही, दिवस मागायचे. तरुण माणूस भेटला की तीन प्रश्न: नाव काय, करता काय, आणि किती दिवस देता? हे प्रश्न माझ्या तोंडात इतके बसलेत की भाजीवाल्यालाही मी विचारले होते. तो म्हणाला, सोमवार सोडून रोज येतो. तसा प्रश्न निरुपद्रवी होता. एक्केचाळीस वर्षांत त्याला भुलून तिकडे टिकलेला माणूस एकच, आणि तोही बी.एस्सी. नापास होऊन बापाच्या भीतीनं पळालेला.

डिसेंबरात अदितीला पाहायला स्थळ आलं. मुलाचं नाव ऋषी, हिंगण्याच्या कारखान्यात इंजिनियर. सोबत त्याची आई, उत्तराताई. यमुताईनं सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, आणि कढी केली होती. पाहुणे आले आणि अदितीचा फोन आला, ती मानेवाडा चौकात अडकली होती. उत्तराताईंना गच्ची पाहायची होती. यमुताईनं मला कोपऱ्यात घेतलं.

"दादा, मुलगा एकटा बसला तर बरं नाही दिसत. त्याच्याजवळ बस. पण बोलू नकोस."

मी बसलो. पाच मिनिटं गप्प राहिलो. माझ्या हिशेबानं तो एक विक्रम होता. मग ऋषीनंच विचारलं, मामा, तिकडे थंडी असते का?

आता सांगा, यात माझी काय चूक?

मी त्याला थंडी सांगितली. थंडीवरून धुकं निघालं. तिकडचं धुकं इतकं दाट की टॉवेल वाळत घातला आणि खालची दोरी काढून घेतली तरी टॉवेल दुपारपर्यंत तिथेच लटकून राहायचा. तो हसला, त्यामुळे मला जोर चढला. मग मी वेताचा पूल काढला. नदीवर दीडशे हात लांब, एक पाऊल रुंद, आणि मी ऐन मध्यावर असताना पलीकडून वाघ. मागे वळायला त्याला जागा नाही, मला नाही. तिकडची रीत अशी की पुलावर दोघं समोरासमोर आले तर वयानं धाकट्यानं मागे सरायचं. वाघानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि एकेक पाऊल मागे घेत पलीकडे गेला. तिथे उभा राहून मी उतरेपर्यंत त्यानं वाट दिली. माणसांत राहिली नाही एवढी रीत त्या वाघात होती, असं मी म्हटलं आणि पाणी प्यायलो.

ऋषी वडी हातात धरून तसाच बसला होता. तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "मग, तुम्ही किती दिवस देता?"

"विचार करतो," तो म्हणाला.

तेवढ्यात अदिती आली. दोघं अर्धा तास गच्चीवर बोलले, हसत खाली आले. चार दिवसांनी त्यांच्याकडून होकार आला, आमच्याकडून गेला. यमुताईनं देवापुढे पेढे ठेवले आणि मला दोन दिले. संक्रांतीनंतरचा मुक्कामही माझ्या खिशात आला असं मी समजलो.

आठवड्यानं उत्तराताईंचा फोन आला. यमुताई बोलत नव्हती, नुसती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची नजर माझ्यावर स्थिर झाली. ऋषीनं कारखान्यात राजीनामा दिला होता. तो एका वर्षासाठी अरुणाचलला निघाला होता. अदितीच्या मामांनी दिवस मागितले, मी तीनशे पासष्ट दिले, असं त्यानं आईला सांगितलं होतं. आई म्हणत होती की लग्न ठरवायला आलो होतो, मुलगा द्यायला नाही.

यमुताईनं फोन ठेवला. रागावली की ती आमच्या आईच्या बोलीत जाते.

"काय सांगितलं तू त्याले?"

"थंडीचं विचारलं त्यानं."

"एवढ्या वर्षांत धड एक माणूस नाही आणला तू, अन् आता माझाच जावई सापडला तुले? काहून? खाट तयार आहे नं तिकडं? बाराव्या खाटेवर जाऊन बस, अन् सांग तुझ्या थापा त्या अकरा जणांले."

मग ती थोडी शांत झाली आणि तिनं मार्ग सांगितला. हे तुझ्या थापांनी झालं आहे. तू जा, त्याला सगळं खरं सांग. तो परत कामावर गेला तर तू इथे राहशील. नाही गेला तर तुझी पिशवी मी स्वतः भरीन.

बर्डीपर्यंत ऑटो, तिथून मेट्रो, असा मी हिंगण्याला गेलो. आयुष्यात लोकांना डोंगरात पाठवायला मी खूप हिंडलो होतो, थांबवायला पहिल्यांदाच. ऋषीची नोटिशीची मुदत चालू होती. पाळी सुटली, कंपनीच्या बसेस भरल्या, आणि तो मोटारसायकल ढकलत फाटकाबाहेर आला. आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्यानं माझा चेहरा पाहून विचारलं, बाबाजीले साखर चालते नं? मी म्हटलं, आज कडूच दे.

आणि मी खरं सांगायला लागलो. सवय नसल्यानं आधी जड गेलं.

वाघ नव्हता. मिथुन होता, तिकडचा रानगवा म्हणा हवं तर, आणि तोही वासरू. पुलावर नव्हता, पुलाच्या अलीकडे गवत खात होता. मला पाहून तो पळाला नाही, त्याला पाहून मी पळालो. तो पूल मी कधी चालत ओलांडला नाही. पहिली सहा वर्षं बसून, सरकत सरकत. नंतर पलीकडच्या गावातली एक म्हातारी माझा हात धरून न्यायची. बदल्यात तंबाखू घ्यायची आणि पुलाच्या मध्यावर थांबून हसायची. भाषा मला अजून धड येत नाही. पहिली दहा वर्षं मुलं माझं ऐकत होती ती मी शिकवतो म्हणून नव्हे, मी कसा बोलतो ते पाहायला. निम्मे दिवस वाट पाहण्यात गेले. तांदळाची, एसटीसारख्या एका गाडीची, मंडळाच्या पत्राची. पावसात जळवा बुटात शिरत आणि महिनाभर कपडे वाळत नसत. टॉवेल लटकत नव्हता, ऋषी, त्याला बुरशी यायची. कितीदा वाटलं, पळून नागपूरला यावं. आलो नाही, कारण इकडे पत्रांतून मी इतका शूर झालो होतो की परत यायला तोंड नव्हतं.

हे शेवटचं मी ठरवून आलो नव्हतो. ते आपलं आपण निघालं.

ऋषीनं चहा संपवला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, आणि मला वाटलं, जमलं.

"मामा, खरं सांगू? मी घाबरून राहिलो होतो," तो म्हणाला. "राजीनामा दिला, पण रोज वाटायचं, आपल्याच्यानं होईल का. तुम्ही वाघासमोर उभे राहणारे. मला तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं तरी चक्कर येते. पण म्हातारीचा हात धरून पूल ओलांडायचा असेल तर तेवढं मला जमेल."

एक्केचाळीस वर्षं मी थापा मारून माणसं शोधत होतो. खरं बोललो असतो तर ट्रक भरून मिळाली असती.

घरी पोहोचलो तर यमुताईनं दार उघडायच्या आधीच मला माझी पिशवी दिसली. व्हरांड्यात होती, निकालाची वाट न पाहता भरलेली, वर मफलर. मी काही लपवलं नाही. टपरीवर घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. लग्न मोडलं, असं ती दोनदा म्हणाली.

अदिती आतून आली. तिच्या हातात उत्तरपत्रिका होत्या.

"मोडलं कुठं, आई? ऋषीनं राजीनामा द्यायच्या आधी मला विचारलं होतं."

"आणि तू हो म्हणालीस?"

"वडी खाताना सगळे मुलं सारखेच दिसतात वं. हा एकटा वेगळा दिसला." ती माझ्याकडे वळली. "मामा, वसतिगृहात गणिताला कोणी आहे?"

मी म्हटलं, मीच होतो. ती म्हणाली, म्हणजे कोणी नाही.

त्यांचं सगळं ठरलं होतं. जानेवारीत कोर्टात लग्न, मग दोघांनी एक वर्ष तिकडे, मग परत. उत्तराताईंना ऋषी त्याच संध्याकाळी सांगणार होता. आम्हाला मधले आठ दिवस कोणी काही सांगितलं नाही, कारण आम्ही दोघंही आधी ओरडतो आणि मग ऐकतो, असं अदितीचं निरीक्षण होतं. भाची मोजून बोलते, गणिताची आहे.

मी आपला पिशवीकडे वळलो आणि मफलर गळ्यात घातला. रिक्षा कुठून मिळेल ते मनात जुळवत होतो.

"कुठं चालला?" तिनं विचारलं.

"वर्धा रोडला. ठरलं होतं नं तसं."

"ठेव ती पिशवी." तिचा आवाज बारीक झाला होता. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसा, मी तर डोंगरात होतो. "माझी पोरगी नेली तू. ती परत येईपर्यंत इथून हलायचं नाही. एवढ्या घरात मी एकटी भिंतींशी बोलू? तिचं सगळं तूच करशील आता. मोटर लावायची, गिरणीतून दळण आणायचं, माझ्या गोळ्यांची आठवण करायची. अन् ते ताट वाजवायचं बंद."

मी विचारलं, भोजनमंत्र? ती म्हणाली, मनात म्हण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात फोन केला आणि सांगितलं की माझी खाट दुसऱ्या कोणाला द्या, मला वर्षभर तरी यायचं नाही. पलीकडच्या कार्यकर्त्याला वहीत कारण लिहायचं होतं. मी खरं ते सांगितलं: दोन माणसं मंडळाला दिली आहेत, ती परत येईपर्यंत बहिणीनं मला ओलीस ठेवलं आहे.

तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, दत्तोपंत, निवृत्त झालात, आता तरी खरं बोलत जा.