पाचवी खुंटी

दामाजीचं पत्र गुरुदत्त बलसेकरांनी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं. निळं आंतर्देशीय पत्र, १९८६ च्या ऑगस्टात आलेलं. आलं त्या दिवशी त्यांनी ते चार वेळा वाचलं, त्याची होती तशी घडी घातली आणि 'उद्या सावकाश लिहू' म्हणून कोशात सरकवलं. तो उद्या उजाडायला सात वर्षं लागली. पत्र कल्याणहून आलं होतं, गुरुदत्त डोंबिवलीला राहत होते. मधे फक्त ठाकुर्ली.

पत्रात लिहिलं होतं :

'मास्तरांस दामाजीचा नमस्कार. पत्र मालू लिहिते आहे. तुमच्या वहीतल्या चित्राप्रमाणे मी बँजो केला आणि मालू चित्राप्रमाणेच डाव्या हाताने तारा छेडते. दोन वर्षे झाली, हात वळत नाही. परवा गंमत म्हणून मी पाचवी खुंटी दांड्याच्या दुसऱ्या बाजूला बसवली, तारा उलट्या लावल्या आणि उजव्या हाताने वाजव म्हणालो, तर पोरगी भराभर वाजवायला लागली. हे चालते काय ते कळवावे. तुम्ही हो म्हणालात तर मंडळात घेऊन येतो. नाही म्हणालात तर खुंटी होती तिथे परत बसवतो.'

उत्तर एका अक्षराचं होतं. पण ते एक अक्षर लिहायचं तर त्याच्या मागून जे सगळं लिहावं लागलं असतं, त्याला आंतर्देशीय पत्र पुरलं नसतं.

गुरुदत्त कल्याणच्या एका वाचनालयात कारकून होते. तिथे रेल्वे कॉलनीतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर मिस्टर नॉरिस इंग्रजी रहस्यकथा न्यायला येत. त्यांचे गुडघे धरले तेव्हा गुरुदत्त पुस्तकं त्यांच्या घरी पोचवू लागले आणि एका संध्याकाळी व्हरांड्यात त्यांनी तो बँजो ऐकला. आपल्याकडे बँजो म्हटलं की हळदीला आणि गणपतीला वाजतो तो, बटणं दाबायचा. हा वेगळा. लांब दांड्याचा, पोटाला कातडं मढवलेला, पाच तारांचा. त्यातली पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्यावर एका बाजूला बसवलेली, आणि ती तार अंगठ्याने छेडायची. नखी नाही, काही नाही, उघड्या बोटांनी वाजवायचं. पाण्यावर खडे टाकावेत तसे सूर पडत. गुरुदत्त दोन वर्षं दर बुधवारी जाऊन ऐकत राहिले. मान खाली घालून. वाजवणाऱ्याच्या हातांकडे टक लावून बघणं त्यांना असभ्य वाटे. म्हणजे दोन वर्षांत त्यांनी त्या वाद्यातलं सगळं ऐकलं आणि हात तेवढे पाहिले नाहीत.

१९८३ साली नॉरिससाहेब मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले. जाण्याआधी त्यांनी शिकण्याचं पुस्तक आठ दिवसांसाठी दिलं. त्यात हातांची बावीस चित्रं होती. गुरुदत्तांनी ती सगळी पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने गिरवून घेतली, मजकूर मराठीत उतरवला, पुस्तक परत केलं. साहेब गेले, पुस्तक गेलं, बँजोही गेला.

मग वही सायक्लोस्टाइल करून तिच्या प्रती काढायचं ठरलं. चित्रं स्टेन्सिलवर कशी न्यावीत हे गुरुदत्तांना कळेना. त्यांच्या पत्नी सुमतीबाई उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम करत. त्या म्हणाल्या, "सोपं आहे. कागद पालथा घालायचा आणि वरून घोटायचं. पेन्सिल उतरते खाली." गुरुदत्तांनी बावीसच्या बावीस चित्रं पालथी घालून घोटली. फूल पालथं पडलं तरी फूलच राहतं. हातांचं तसं नसतं.

यानंतर जे झालं ते गुरुदत्तांखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. चित्रांखाली मजकूर लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की आपण लिहिलंय 'उजव्या हाताने छेडावे' आणि चित्रात तर डावा हात छेडतोय. दुसऱ्या एखाद्याने चित्र तपासलं असतं. गुरुदत्तांनी स्वतःचं इंग्रजी तपासलं. छापील पुस्तकातलं चित्र चुकेल कसं? चुकणार तो आपण केलेला अनुवाद. त्यांनी चौतीस ठिकाणी 'उजवा' खोडून 'डावा' केलं आणि आपण वेळेवर सावध झालो म्हणून त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

वहीवरून कल्याणच्या खाडीवर होड्या दुरुस्त करणाऱ्या दामाजी कोळ्याने बँजो बनवले. फणसाचं लाकूड, बकऱ्याचं कातडं, आणि तारांच्या जागी मासे धरायची नायलॉनची दोरी. सूर नॉरिससाहेबांच्या बँजोच्या इतका जवळ गेला की गुरुदत्तांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचवी खुंटी अर्थात चित्राप्रमाणे, उलट्या बाजूला. दामाजीने एक बँजो आपल्या चौदा वर्षांच्या पोरीसाठी, मालूसाठीही केला.

८४ च्या जानेवारीत डोंबिवलीत 'पंचतार मंडळ' निघालं. अकरा सभासद, दर रविवारी सकाळी एका शाळेचा वर्ग. सगळे उजवे आणि सगळे डाव्या हाताने वाजवणारे. त्यामुळे कुणालाच भरभर वाजवता येत नसे. दोन वर्षांत मंडळाने तीन चाली बसवल्या, तिन्ही अत्यंत संथ. अध्यक्षा प्रमोदिनी रेगे, निवृत्त मुख्याध्यापिका, पाहुण्यांना सांगत, "आमची लय विलंबित आहे. डावा हात हृदयाच्या बाजूचा. तिथे उथळपणाला जागा नाही." मंडळाची घटना झाली तेव्हा पाचवं कलम पडलं : 'वादन डाव्या हातानेच करावे.' गुरुदत्तांना, म्हणजे मंडळातल्या अण्णांना, आद्य मार्गदर्शक असं पद मिळालं.

८५ च्या नाताळात पर्थहून एक कार्ड आलं. आत फोटो : नॉरिससाहेब बागेत खुर्चीवर, मांडीवर बँजो, आणि तारांवर उजवा हात.

फोटो उलटा छापला गेला असेल, असं गुरुदत्तांना वाटलं. तसं होतं कधीकधी. मग त्यांना साहेबांच्या मागे फाटकावरची पाटी दिसली. त्यावर NORRIS सरळ वाचता येत होतं. त्यांनी पाटी भिंगातून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि फोटो शब्दकोशाच्या पहिल्या खंडात ठेवला.

आठ महिन्यांनी दामाजीचं पत्र आलं. ते दुसऱ्या खंडात गेलं.

"अहो, त्या कोळ्याला उत्तर लिहिलंत का?" सुमतीबाई विचारत.

"मायना सुचत नाहीये."

"नमस्कार लिहा. नमस्काराने कुणी मेलेलं नाही."

दोन महिने वाट पाहून दामाजी मालूला घेऊन स्वतःच एका रविवारी मंडळात आला. मालू बाकावर बसली, बँजो उलटा, म्हणजे खरं तर सुलटा धरला, आणि तिने मंडळाची पहिली चाल वाजवली. जी चाल मंडळाला सात मिनिटं पुरत असे ती तिने दोन मिनिटांत संपवली. गुरुदत्तांना समोर कल्याणचा व्हरांडा दिसला. तीच पाण्यावर खडे पडल्यासारखी बोटं. या वेळी त्यांनी हात पाहिले.

"बाळ, बोटं छान फिरतात गं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "पण हात उलटा आहे. आणि किती ती घाई! गाडी चुकतेय का?"

सभासद हसले. मालू हसली नाही. "मास्तरांना सांगू दे," ती म्हणाली. "वही त्यांची हाय."

अकरा माणसं गुरुदत्तांकडे वळली. सबंध आयुष्यात इतक्या लोकांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

"नियम… म्हणजे, तसं पाहिलं तर…" ते म्हणाले.

"तसं पाहिलं तर काय?" मालूने विचारलं.

गुरुदत्तांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. तो पुसून होईपर्यंत प्रमोदिनीबाईंनी दुसरी चाल सुरू केली होती.

निघताना दामाजी दाराशी म्हणाला, "मास्तर, सगल्यांसमोर नको असंल तर पत्रात कलवा. घाई नाय." हे तो मनापासून म्हणाला होता, आणि गुरुदत्तांनी तेवढं मात्र तंतोतंत पाळलं.

सात वर्षं गेली. वाचनालयातून गुरुदत्त निवृत्त झाले. स्वयंपाकघराचं दार लावून ते कधी कधी बँजो उजव्या हाताने छेडून पाहत, पण खुंटी उलट्या बाजूला, अंगठा पोचत नसे. मंडळाची एक चाल वाढली. ९४ च्या जानेवारीत मंडळाला दहा वर्षं पूर्ण होणार होती. स्मरणिका निघायची होती, तिच्यात प्रमोदिनीबाईंचा 'डावा हात : एक चिंतन' हा लेख होता, आणि अण्णांचा सत्कार करून त्यांना नवा बँजो द्यायचं ठरलं होतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी दामाजी तो बँजो गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आला. केस पांढरे झाले होते. सुमतीबाईंनी चहा ठेवला.

"उद्या मंडलात देतील तो हाच. म्हटलं आधी तुमी बघून घ्या. काय कमीजास्त असंल तर रातच्याला करून देतो."

गुरुदत्तांनी बँजो हातात घेतला. लाकूड जुनं होतं, हाताळून गुळगुळीत झालेलं. दांड्याच्या मध्यावर एका बाजूला पाचवी खुंटी होती. दुसऱ्या बाजूला बरोबर तिच्या समोर एक गोल डाग होता, पाच पैशांहून लहान. लाकडाचा खुंट ठोकून बुजवलेलं भोक. वरून रंधा मारला होता, पण दिसत होतं.

"हे काय रे, दामाजी?"

"आता असा फनस मिलत नाय, मास्तर. मालूचाच सोडवला. तुमच्यासाठी म्हून. खुंटी होती तिथं परत बसवली, नियमाप्रमाने."

"मालूचा? मग ती कशावर वाजवते?"

"ती कुठं वाजवते आता? आंबिवलीला दिली तिला, दोन पोरं हायत. जाताना बँजो माझ्याकडं ठेवला, बोलली, मास्तरांचा जवाब आला का मंग न्यायला येते. दर गनपतीला आली का पयलं तेच विचारी. औंदा नाय विचारलं. मंडलाची आर्डर आली तवा मीच तिला विचारलं, तुझा देऊ का? तर बोलली, दे. सात वर्सं जवाब नाय, म्हंजे जवाब दिलाच की मास्तरांनी."

दामाजीच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने बशीत चहा ओतून प्यायला, सुमतीबाईंना "चा ब्येस झाला, वैनी" म्हणाला आणि गेला.

सुमतीबाईंनी कपबशा उचलल्या. मग म्हणाल्या, "सुचला का मायना?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात साठेक माणसं होती. शाल झाली, नारळ झाला, बँजो झाला. उत्तर देण्यासाठी गुरुदत्त उभे राहिले आणि सारं आयुष्य ज्याला घाबरण्यात गेलं ते त्यांनी केलं. माइकसमोर उभं राहून ते म्हणाले :

"चित्रं उलटी आहेत. वहीतली. मी पालथी घालून छापली. बँजो उजव्या हाताने वाजवायचा असतो. तुम्ही सगळे दहा वर्षं चुकीच्या हाताने वाजवताय, आणि तो दोष माझा आहे. एका मुलीचा हात बरोबर होता. तिला आपण परत पाठवलं. मला तेव्हा माहीत होतं."

मग प्रमोदिनीबाई उठल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाहिलंत?" त्या सभागृहाकडे वळून म्हणाल्या. "सत्काराच्या दिवशीसुद्धा! दहा वर्षं आपण अण्णांच्या तोंडून एकच वाक्य ऐकतोय, माझंच काहीतरी चुकलं असेल. याला म्हणतात विनय!"

टाळ्या पडल्या. त्या लवकर थांबेनात.

"नाही हो, खरंच…" गुरुदत्त माइकमध्ये म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या. त्यांनी खिशातून नॉरिससाहेबांचा फोटो काढून पुढे केला. तो पहिल्या रांगेतून फिरला. खजिनदार म्हणाले, "फोटो उलटा छापलाय बहुतेक. होतं असं." पाटीपर्यंत कुणाची नजर गेली नाही. शेवटी मंडळाने चौथी चाल सादर केली, डाव्या हाताने, विलंबित.

घरी आल्यावर गुरुदत्तांनी शाल खुंटीला अडकवली, टेबलाशी बसले आणि एका दमात लिहिलं :

'चि. मालूस आशीर्वाद. तुझ्या वडिलांचे ऑगस्ट १९८६ चे पत्र मिळाले. उत्तरास थोडा उशीर झाला.' त्यांनी 'थोडा' खोडलं. 'तू उजव्या हाताने वाजवतेस ते बरोबर आहे. चित्रे माझ्या हातून उलटी छापली गेली. तुमचे पत्र आले तेव्हा मला हे माहीत होते. तू मंडळात विचारलेस तेव्हाही माहीत होते, आणि मी बोललो नाही. बँजो तुझा आहे. उद्या तो कल्याणला तुझ्या वडिलांकडे नेऊन देतो. बुजवलेले भोक त्यांच्याकडून उघडून घ्यावे व खुंटी त्यांनी तुझ्यासाठी लावली होती तिथे लावावी. मंडळाला मी सांगितले. त्यांना पटले नाही. तुला पटावे.'

सवयीने त्यांनी खाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहिलं. ते वाचलं आणि खोडलं.

दामाजीकडून आंबिवलीचा पत्ता त्यांनी आदल्या दिवशीच, तो जिन्यात असताना, धावत जाऊन घेतला होता. सकाळी ते चौकातल्या पेटीशी गेले आणि पत्र आत टाकलं. आणि तिथेच उभे राहिले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग पोस्टमन सायकलवरून आला, पेटी उघडली, पत्रं पिशवीत ओतू लागला. गुरुदत्त एक पाऊल पुढे सरकले.

"काय आजोबा, परत पाहिजे का पत्र?" पोस्टमन म्हणाला. "मिळत नाही हां. एकदा टाकलं की संपलं. नियम आहे."

"माहितीये," गुरुदत्त म्हणाले. "तू पिशवी बांध. मी तेवढं बघतो आणि जातो."