ओठांवर बसणारा शब्द

ज्या मालिकेत कुणी मरतच नाही, तिच्यात जीव कुठून येणार? हे मी डबिंगच्या पहिल्या दिवसापासून सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. परदेशी कार्टून मालिका, एका गेमच्या आतली दुनिया. नायक तलवारीच्या घावाने मेला तरी गावच्या विहिरीपाशी कपडे झटकत उठतो. त्याचे मराठी संवाद माझे, आवाज माझ्या दादाचा.

शेवटच्या भागात तर कमालच होती. गेम कायमचा बंद होणार, बाकीचे खेळाडू केव्हाच पसार झालेले, आणि हा दीडशहाणा खाणावळवालीचं मोडकं टेबल दुरुस्त करत बसतो. ती खाणावळवाली म्हणजे गेममधलीच बाहुली. रोज त्याला विचारणार, "या, पहिल्यांदाच आलात का?"

"टेबल राहिलं तर कुणाचं काय अडतंय?" मी दादाला म्हटलं.

"त्याचं अडतंय ना," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "जीव जाणार नाही म्हणून काय झालं? टेबल राहून जाईल की."

तो घोगरेपणा नायकासाठी लावलेला नव्हता. दादाच्या स्वरयंत्रावर गाठ होती आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. गाठ निघेल, आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आजचं रेकॉर्डिंगही त्यांनी नाखुशीनेच मान्य केलेलं. आणि दादाला तर आवाजाशिवाय दुसरं काही येत नाही. भाजी घेतानासुद्धा तो राजासारखा आवाज लावतो.

काचेपलीकडे तो माइकसमोर उभा होता, अलीकडे मी आणि रेकॉर्डिस्ट. पडद्यावर आभाळ कडेकडेने पुसलं जात होतं आणि नायक खिळा ठोकत होता. दादा धापा टाकायला लागला. धाप नायकाची की त्याची स्वतःची, मला कळेना. खिळा वाकला. "अरे लेका, सरळ जा ना!" दादा ओरडला. हे वाक्य मी लिहिलंच नव्हतं. देवा, एवढं टेबल होऊ दे, असं मी चक्क मनातल्या मनात म्हणत होते. नसलेल्या टेबलासाठी!

टेबल झालं. आता निरोपाचं वाक्य: "चला, जातो मी." दादा थांबला.

"शहाणे, 'जातो' काय लिहिलंयस? घरातून निघताना कधी 'जातो' म्हणतात का? आईने थोबाडीत दिली असती."

"तो परत येणारच नाहीये, दादा. आणि त्याचं तोंड बघ केवढं उघडतंय. तिथे 'जा'च बसतो. 'ये' म्हणताना ओठ फाकतात." माझं कामच ते, चित्रातल्या ओठांवर शब्द बसवायचं. आवाज बंद केला तरी मला बोलणं वाचता येतं, आणि त्याचा मला माजही आहे.

"नाही बसलं तर नाही बसलं," दादा म्हणाला. "आज मी 'जातो' म्हणणार नाही."

रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"चला," दादा म्हणाला, "येतो मी."

खाणावळवाली हसली आणि पडदा पांढरा झाला. शेवटचा 'मी' जरा चिरकला होता. दुसरा टेक मागायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी हॉस्पिटलमध्ये दादाला बोलायची बंदी होती. स्ट्रेचरच्या बाजूने चालताना मला खूप काही बोलायचं होतं, आणि मी काय बोलले, तर "टेबल छान झालं रे." तो हसला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मात्र मला राहवेना. "दादा, काहीतरी म्हण. नुसते ओठ हलव."

त्याने हलवले. नेमकी त्याच वेळी नर्स त्याच्या डोक्यावर टोपी चढवायला वाकली. ती बाजूला झाली तेव्हा त्याच्या ओठांचा चंबू झालेला मला दिसला: 'तो'. दोन्ही शब्दांचा शेवट तोच. सुरुवात माझ्या हातून निसटली होती.

स्ट्रेचर आत गेलं.

"परत एकदा, दादा!" मी ओरडले. "परत एकदा म्हण!"

दार मिटलं होतं.