डावी बाजू हलत नाही

सरावाच्या खोलीतला रबरी रुग्ण पुन्हा एकदा मेला, तेव्हा त्याच्याभोवती उभ्या असलेल्या चौघांपैकी एकानेही तोंड उघडले नव्हते. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा घसरताना प्रत्येकाने पाहिला होता. आणि उत्तरेकडच्या ओउलू शहरातल्या माणसांच्या सभ्य सवयीप्रमाणे प्रत्येकाने गृहीत धरले होते, की इतरांनाही तो दिसतच असणार. दिसते तेच बोलून दाखवून कुणाला कमीपणा कशाला आणायचा?

काचेपलीकडे डॉक्टर वुओक्को सारेला उभी होती. अर्धा आठवडा ती तातडीचे रुग्ण पाही, उरलेला अर्धा नव्या डॉक्टरांना शिकवी. शिकवणे म्हणजे तिच्या लेखी या शांततेशी वर्षानुवर्षे चाललेले, बहुधा हरतच आलेले भांडण होते.

“बिचाऱ्याला आता पेन्शन द्या,” बाहुल्याकडे पाहत म्हणत विभागप्रमुख तापानी बाहेर आला. सरावासाठी श्वासाची नळी त्यानेच मुद्दाम जास्त खोल घातली होती, इतकी की हवा फक्त उजव्या फुप्फुसात जावी. मग आवाज उतरवून म्हणाला, “वुओक्को, तुझं हे मुकं पाखरू शुक्रवारी काही टिकत नाही बघ. हुशार आहे, कबूल. प्रयोगशाळेत पाठवू. सूक्ष्मदर्शकाशी बोलावं लागत नाही.”

त्या चौघांतला नवा डॉक्टर ओइवा तातडीच्या उपचारांच्या शाखेत राहणार की नाही, हे शुक्रवारी ठरायचे होते. कौल वुओक्कोने द्यायचा होता.

कॉफीचे दोन कप घेऊन ती ओइवाशेजारी बसली.

“दिसलं होतं तुला?”

“हो.”

“मग?”

“नळी तापानीने घातलेली. त्यालाच दिसत नाहीये, असं कसं म्हणू?”

“आणि नर्सला वाटलं, तुला दिसतंय म्हणजे झालं.”

ओइवा कपातल्या वाफेकडे पाहत राहिला. “तू म्हणतेस, मोठ्याने बोल. घरी आरशासमोर बोलून पाहिलं. बायको आतून विचारते, कुणाला झापतोयस?”

वुओक्को हसली नाही. इतकी वर्षे आपण या मुलांना परका आवाज उसना आणायला सांगत आलो की काय, ही शंका बर्फाखालच्या पाण्यासारखी तिच्या मनातून हळूच सरकून गेली.

“मोठ्याने राहू दे,” ती म्हणाली. “चूकही काढू नकोस. डोळ्यांना दिसतं तेवढंच बोल. ‘छातीची डावी बाजू हलत नाही.’ यात कुणाचा अपमान आहे?”

गुरुवारी दुपारी, वसंतातला पातळ बर्फ फुटून तळ्यात पडलेल्या एका म्हाताऱ्या मासेमाराला आणले. या रुग्णापुरता पथकाचा प्रमुख म्हणून ओइवा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. गारठ्याने म्हाताऱ्याची मान आखडली होती, नळी घालणे अवघड होते. नळी घालायला वुओक्को स्वतः वाकली. नळी आत गेली. ऑक्सिजनचा आकडा थोडा चढला, आणि मग उतरू लागला.

“त्याची बोटं गार पडलीत,” ती नळी चिकटवता चिकटवता म्हणाली. “बोटावरच्या यंत्राला आकडा नीट वाचता येत नाहीये.”

नर्सची नजर आकड्यावरून वुओक्कोकडे गेली. वुओक्कोला कोण सांगणार?

“डावी बाजू हलत नाही,” ओइवा म्हणाला.

“हलतेय.” तिने मान वर केली नाही.

“नाही, वुओक्को. नाही हलत. नळी मागे घे.”

आवाज तितकाच हळू होता. मात्र खोलीत दुसरा आवाज नव्हता. वुओक्कोचे हात थबकले. तिने म्हाताऱ्याच्या डाव्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला. आत काहीही नव्हते, हिवाळ्यातल्या रित्या घरासारखे. शरमेची एक ऊन लाट कानांपर्यंत चढली, आणि तिच्यामागोमाग, तिला स्वतःलाच नवल वाटावे असा, कसलासा उजेड. तिने नळी बोटभर मागे ओढली. म्हाताऱ्याची डावी बाजू उचलली गेली, आणि आकडाही.

म्हाताऱ्याला अतिदक्षता विभागात नेल्यावर ओइवा हात धूत होता. बराच वेळ धूत होता.

“मी तुला सगळ्यांसमोर...” त्याने सुरुवात केली.

“सगळ्यांसमोरच हवं होतं.” वुओक्को नळापाशी आली. “तू राहतोयस. तापानीला आत्ताच सांगते, शुक्रवारची वाट कशाला पाहायची? आणि सोमवारपासून ही तातडीची खोली तुझी. मी दाराबाहेर थांबेन.”

“बाहेर का?”

“आत असले की माझे हात शिवशिवतात. आज पाहिलंस ना?”

ओइवाने नळ बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ की नको करीत रेंगाळले.

“मग दार उघडं ठेवू,” तो म्हणाला. “मला ओरडता येत नाही.”