शरीफाच्या हातचा घास

रत्नमाला शिंत्रेच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं देवाच्या बापाला जमायचं नाही. मिरजेला नर्सिंग शिकलेली, हाताला चपळ, मनानं चांगली. पण आपलं ते खरं करण्याची खोड होती. त्या खोडीतूनच नव्वद सालच्या मार्चमध्ये ती नोकरीला होती त्या कुवेतच्या सरकारी बालगृहात नवा नियम आला.

तोवर तिथलं सगळं रांगेनं चालायचं. छत्तीस मुलं, सगळी टाकून दिलेली. कुणी मशिदीच्या दारात सापडलेलं, कुणी दवाखान्याच्या पायरीवर. रांगेत आंघोळ, रांगेत जेवण. जी बाई मोकळी असेल ती भरवणार. मुलं कुणीही उचललं की चिकटायची आणि कुणीही खाली ठेवलं तरी रडायची नाहीत. ते न रडणं रत्नमालाला बघवेना. या जगात निदान एक माणूस आपलं आहे, एवढं तरी या पोरांना कळायला नको का?

तिथल्या मुदीरा, म्हणजे मोठ्या बाई, इजिप्तच्या होत्या. त्यांच्याशी रत्नमालाने तीन आठवडे वाद घातला आणि शेवटी मंजुरी मिळवली. सहा बायका, प्रत्येकीकडे सहा मुलं. आंघोळ तिनेच घालायची, घास तिनेच भरवायचा. दुसरीच्या मुलाला भरवायचं नाही, ते रडलं तरी नाही. जेवणाच्या खोलीत रत्नमालाने स्वतःच्या हाताने रंगीत तक्ता लावला.

त्या सहांतली कुरकुरली ती एकटी शरीफा. दाभोळकडची, पन्नाशीची बाई. तिचा नवरा मुस्तफा शहरातल्या मिरकाब भागात शिवणकामाचं दुकान चालवायचा. तक्त्याकडे बघत ती म्हणाली, "सिस्टर, पोराला येकाच हाताची सवय लावू नको. उद्या तो हात नसला तर?"

रत्नमाला हसली. पुस्तकात काय म्हटलंय ते तिने शरीफाला दहा मिनिटं समजावलं. शरीफाने ऐकून घेतलं, आणि पुढे सगळ्यांत चोख नियम पाळला तो तिनेच.

नियम चांगला होता, हे सांगायलाच हवं. जूनपर्यंत मुलं रडायला लागली. बाई खोलीबाहेर गेली की रडायची, परत आली की धावायची. मुलं रडतात म्हणून खूश होणारी रत्नमाला बघून स्वयंपाकी डोक्याला हात लावायचा. नूरा तर पार बदलली. अडीच वर्षांची, कधी आवाज न काढणारी ती पोर शरीफाच्या मांडीवर बसून तिच्या हिरव्या बांगड्या मोजल्यासारखं करायची. शरीफा डाळभात बोटांनी मऊ कुस्करायची, बोराएवढे गोळे करायची आणि एकेक तोंडात घालायची. शुक्रवारी शरीफाला सुटी असली की नूरा संध्याकाळपर्यंत उपाशी राही. रत्नमालाने ते वहीत लिहून ठेवलं. सुधारणा, या सदराखाली.

मग ऑगस्ट उजाडला आणि इराकी रणगाडे शहरात शिरले. मुदीरा पहिल्याच आठवड्यात गेल्या. एकेक बाई निघून गेली, कुणी रडत, कुणी न सांगता. सैनिक आले आणि एसी, गाडी, औषधांचं कपाट, सलाइनच्या बाटल्या घेऊन गेले. काही मुलांना शेजारच्या कुवेती घरांनी नेलं. सप्टेंबरच्या मध्यावर उरली अकरा मुलं, स्वयंपाकी, रत्नमाला आणि शरीफा. रत्नमालाची स्वतःची सात वर्षांची नेहा मिरजेला आजीपाशी होती. तरीही मायदेशी परतणाऱ्यांना बगदादमार्गे अम्मानला नेणाऱ्या बसच्या यादीत तिने नाव घातलं नाही. या पोरांना टाकून कसं जायचं, हे खरंच. पण ही जागा आपण घडवली, ही आढ्यताही त्यात होती.

मुस्तफाचं दुकान लुटलं गेलं होतं आणि त्याची छाती दुखायला लागली होती. त्याने यादीत दोघांची नावं घातली. दहा दिवसांनी बस होती. शरीफाने हे सांगितलं तेव्हा ती नूराचे केस विंचरत होती.

"आजपासून तूच भरव हिला," ती म्हणाली. "मी बाजूला बसते. हळूहळू सवय होईल. तुझी नेहा तुझ्याबी हातची नि आजीच्याबी हातची, म्हणून तर तू हितं येऊ शकलीस."

रत्नमालाला ते लागलं. लागलं म्हणूनच ती अडून बसली. आधीच पोरीभोवतीचं सगळं मोडलंय, एवढं एक तरी शेवटपर्यंत तसंच राहू दे, आताच हात काढून घेतला तर ती खचेल, असं ती म्हणाली. शिवाय अशा किती बस ठरल्या आणि रद्द झाल्या. हीही होईल. शरीफा जाणार नाही, असंच ती मनात धरून चालली होती. शरीफाने दोनदा विनवलं. मग सिस्टर शिकलेली बाई आहे म्हणून ती गप्प बसली.

बस रद्द झाली नाही. उलट चार दिवस आधी आली. मुस्तफा सकाळी टॅक्सी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा नूराची आंघोळ चालली होती. शरीफाने तिला पंच्यात गुंडाळून रत्नमालाच्या हातात दिलं आणि मागे न बघता गेली.

त्या दुपारी नूराने तोंड मिटून घेतलं. संध्याकाळीही. शुक्रवारची सवय, उद्या खाईल, असं रत्नमाला स्वतःला सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने डाळभात बोटांनी कुस्करला, बोराएवढे गोळे केले. शरीफाची राहिलेली ओढणी डोक्यावर घेतली. नूराने ओढणीचा वास घेतला, वर बघितलं आणि मान फिरवली. दाराकडे तोंड करून बसली. पाणी चमच्याने दोन घोट घ्यायची, तेवढंच. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. रत्नमालाने नाकातून नळी घातली, पोरीने सगळं ओकून टाकलं. सलाइनसाठी ती तीन इस्पितळं पायी फिरली. एकीकडे कपाटं रिकामी होती, दुसरीकडे दारातल्या सैनिकाने हाकललं, तिसरीकडे एक बाटली मिळाली. ती एक दिवस पुरली.

नवव्या दिवशी दुपारी नूरा गेली. दाराकडे तोंड करूनच. रत्नमालाने कागदावर अतिसार असं लिहिलं, आणि लिहितानाच तिला कळलं की आपण खोटं लिहीत आहोत.

शहर मोकळं झालं ते फेब्रुवारीत. तेलविहिरींच्या धुराने दुपारीही दिवे लावावे लागत, अशा दिवसांत सरकारी माणसं पाहणीला आली. पंखे गेले होते, पलंग गेले होते, तक्ता तेवढा भिंतीवर होता. तो कुणाला हवा होता? एका अधिकाऱ्याने तो वाचला, वाखाणला आणि हीच पद्धत पुन्हा सुरू करा म्हणाला. रत्नमालाने त्याच्यासमोर तो फाडला. नवा नियम लिहिला. एका मुलाला तीन हात, दर जेवणाला हात बदलायचा, कुणाची सुटी असो वा नसो.

नोव्हेंबरात शरीफा परतली. विमानतळावरून मुस्तफा सामान घेऊन घराकडे गेला, ही सरळ बालगृहात. आली ती आधी नळाशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि जेवणाच्या खोलीत आपल्या जुन्या जागी मांडी घालून बसली.

"कुठाय माझी?"

चौदा महिने रत्नमालाने हे वाक्य मनात घोळवलं होतं. पत्रात लिहायला घेऊन पाचदा फाडलं होतं. आता ती समोर खाली बसली आणि म्हणाली, "शरीफाबी, ती गेली. तुमचं ऐकलं नाही, माझं चुकलं."

 शरीफाने विचारलं, "किती दिवस?"

"नऊ."

"नऊ दिवस वाट बघितली तिनं माझी."

आवाजात राग नव्हता. असता तर रत्नमालाने तो आनंदाने झेलला असता.

जेवणाची वेळ झाली होती. शेजारी एक तीन वर्षांची नवी मुलगी ताटलीपुढे बसली होती. शरीफाने हात पुढे केला, भात कुस्करला, बोराएवढा गोळा केला. मुलीने तोंड उघडलं. कुणाचा हात आहे, ते तिने वर बघितलंही नाही.