डोळ्यांनी ऐकणारी चेतापेशी

मी एक जुनी चेतापेशी आहे. मित्रांनो, मेंदूत कानाच्या जरा वर ऐकण्याचा भाग असतो, तिथे माझं साठ वर्षांचं बिऱ्हाड आहे. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही! आवाज आला की मी धडपडून उठते, आणि नाही आला तर का नाही आला म्हणून तळमळते.

माझी मालकीण कापडगिरणीत मागावर कामाला होती. तिथे शंभर माग एकदम खडखडत. शेजारणीने कानाशी ओरडलं तरी शब्द कळत नसे, म्हणून बायका ओठ हलवून बोलत. तेव्हापासून डोळ्यांकडूनही मला निरोप येऊ लागले. आधी मी वैतागले. म्हटलं, हा कानाचा मुलूख, इथे डोळ्यांचं काय काम? पण कानाचा अर्धा शब्द आणि डोळ्यांचा अर्धा शब्द जुळला की मी दुप्पट जोराने उसळे. गिरणीभर बोलबाला झाला, "वहिनीचे कान भारी तिखट!" श्रेय सगळं कानांना. आम्हाला कोण विचारतो?

काम सुटल्यावर तिचे कान मंदावले. त्यात नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कुजबुजीवर आला. दुसरं ऑपरेशन उद्यावर येऊन ठेपलं. त्यानंतर एवढाही आवाज उरणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आठ दिवस तो तिला काहीतरी विचारत होता. एकच वाक्य!

ती काय करी, माहीत आहे? माग बिघडला की डोळे मिटून त्याला कान लावायची तिची जुनी सवय. तसाच ती नवऱ्याच्या तोंडाला कान लावी. डोळे गच्च मिटून! माझा जीव नुसता खालीवर होई. अगं बाई, डोळे उघड! ओठ बघ! पण माझं ऐकतंय कोण? कानाकडून नुसती फुसफुस येई.

"काय म्हणालात? परत सांगा ना," ती म्हणे. तिसऱ्यांदा विचारलं की तो भिंतीकडे तोंड फिरवी. "मेले माझे कान!" म्हणत ती स्वयंपाकघरात जाऊन रडे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नणंद आली. तीही त्याच गिरणीतली. भावाचा डोळा लागलेला पाहून तिने दारातूनच नुसते ओठ हलवले, "जेवला का दादा?"

"दोन घास खाल्ले," मालकिणीने पटकन सांगितलं.

नणंद बघतच राहिली. "वहिनी, मी तर आवाजच काढला नाही! मग त्याच्या तोंडाला कान कसले लावत बसतेस? समोर बस की!"

मालकिणीने पडदा सारला, खुर्ची ओढली आणि नवऱ्याला हलवून उठवलं. "अहो, आता विचारा. मी बघतेय."

कानाकडून फुसफुस आली, डोळ्यांकडून ओठ आले, आणि मी अशी उसळले की विचारू नका!

"तुला भीती वाटते का गं?"

आठ दिवस ती सगळ्यांना ठणकावत होती, मला काय धाड भरलीय! आता तिचा बांध फुटला. "वाटते हो. फार वाटते." त्याने तिचा हात घट्ट धरला.

आता त्या घरात त्याचा आवाज नाही. कानाकडून काही येत नाही, तरी त्याचे ओठ हलले की मी उठतेच. मित्रांनो, एक विनवणी आहे. कान मंदावलेल्या माणसाशी पाठ करून बोलू नका, दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. समोर या, उजेडात बसा, तोंडावरचा हात काढा. आणि जरा लवकर या हो. मला वाट बघवत नाही.