तारांवरच्या खाचा

दापोडीत शौकतभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान. तांब्याची तार गुंडाळणारा हा माणूस लेकीपायी टेनिसच्या रॅकेटला तारा ओढायला शिकला. उझ्मा दहा वर्षांची होती तेव्हापासून तिची प्रत्येक रॅकेट त्यांच्याच हातची. मग ती स्पेनला अकादमीत गेली. तिथं या कामाला वेगळा माणूस होता. दुकानातलं तारा ओढायचं यंत्र चादरीखाली निजून राहिलं.

आठ महिन्यांनी ती दोन दिवसांसाठी घरी आली. शौकतभाई तिच्या बॅगेभोवती घुटमळत राहिले, पण रॅकेटचं विचारवेना.

"अब्बू, नुसतं बघताय काय?" उझ्मानं एक रॅकेट त्यांच्या हातात दिली. "ह्या तारा मेल्यात. कापा आणि नव्या घाला. ताण अठ्ठेचाळीस पौंड."

"अठ्ठेचाळीस? बावन्नच्या खाली तू ऐकायची नाहीस!"

"तेव्हा नुसती बडवायचे मी," ती हसली.

त्यांनी पक्कड उचलली आणि तारांवरून बोट फिरवलं. तार जिथं तारेला ओलांडते तिथं खोल खाचा पडल्या होत्या. पूर्वी अशा पडत नसत. पोर आता चेंडू घासून फिरवते तर! परमुलखातल्या कुठल्या सकाळी शिकली, किती चुकली, कितीदा रडली, सगळं त्या खाचांत होतं, आणि त्यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अब्बू, चारला प्रॅक्टिस आहे हं."

"हो बेटा."

त्यांनी आणखी एकदा हलकेच बोट फिरवलं आणि मधली तार कापली.